लाल फुलीचं हेलिकॉप्टर

इंडियाना
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय न्यानताई,

तुला नमस्कार. बाओ, सूनबाई, पोरं सगळी मजेत असतील अशी आशा. आमचं इथे बरं चाललंय. मका डोक्यावर गेलाय. वेंडेलचा गुडघा पाऊस यायच्या आधी ठणकतो, त्यामुळे आमच्या घरात हवामानाच्या बातम्या कोणी ऐकत नाही. बेथनीच्या चिमुरडीला खालचे दोन दात आलेत. हाताला लागेल ते ती त्यांच्यावर घासून बघते. परवा माझी देवळातली माळ घासून बघितली.

तुझा मागचा फोन तुटक तुटक आला. तू म्हणालीस, जेवते, झोपते, या वयात अजून काय हवं. बरं.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाहीये. आमच्या देवळातल्या क्वेनबाई गुरुवारी सायगावला निघाल्यात, त्यांच्याकडे देतेय. पिशवीत डोकं दुखलं की चोळायच्या हिरव्या तेलाच्या बाटल्या आहेत, व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत आणि चॉकलेटं. गोळ्या तू स्वतः घ्यायच्या आहेस, कालव्याकाठच्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाटायच्या नाहीत. आणि माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस. आपली भाषा मी चाळिशीत पुन्हा शिकले. स्वरांवरची चिन्हं अजून मीठ टाकल्यासारखी टाकते, अंदाजाने.

आता गंमत ऐक. मी हेलिकॉप्टरमध्ये बसले!

झालं असं की, माझा वाढदिवस जवळ आला तशी बेथनी एका दुपारी स्वयंपाकघरात येऊन उगाचच भांडी पुसायला लागली. आपण होऊन भांडी पुसणारी मुलगी मी वाढवलेली नाही, तेव्हा मी ओळखलं.

“काय, पुन्हा गाडी ठोकलीस?”

“नाही गं आई. तुला एक विचारायचंय. पण रागावू नकोस, आणि नको असेल तर सरळ नको म्हण.”

आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर मक्याच्या शेतांच्या मधोमध एक छोटं विमानतळ आहे. तिथे काही म्हाताऱ्या शिपायांनी मिळून जुनी लष्करी हेलिकॉप्टरं जपून ठेवलीत, चालती ठेवलीत. उन्हाळ्यात शनिवारी लोकांना बसवून एक फेरी मारून आणतात. बेथनीने तिथला फोटो दाखवला. हिरवट अंगाचं, लांब शेपटीचं, नाकावर आणि दारांवर पांढऱ्या चौकोनात लाल फुली. जखमींना उचलून न्यायचं ते.

मी नुसती त्या लाल फुलीवरून बोट फिरवत राहिले. बेथनी घाबरली.

“राहू दे, राहू दे. मूर्खासारखं सुचलं मला. आपण समुद्रावर जाऊ.”

“समुद्र इथून दोन दिवसांवर आहे,” वेंडेल दारातून म्हणाला. तुला माहीतच आहे, तो दिवसभरात चार वाक्यं बोलतो आणि चारही खरी असतात. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तू बसलीस तर मी बसेन.” हा माणूस शिडीवर चढून पन्हळ साफ करायचं टाळतो, ताई.

क्वेनबाईंना सांगितलं तर त्या हातातलं लिंबू ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. “पैसे देऊन त्यात बसायचं? आम्ही आयुष्य घालवलं त्याचा आवाज विसरण्यात, आणि तू तिकीट काढून ऐकायला चाललीस!” मी म्हटलं, वाढदिवस आहे. त्या म्हणाल्या, “वाढदिवसाला लोक केक खातात.”

तर गेल्या शनिवारी गेलो. ऊन आपल्याकडच्यासारखं, अंगाला चिकटणारं. विमानं ठेवायच्या हॅंगरसमोर घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, चर्चच्या बायका लिंबूसरबत आणि ‘पाय’, म्हणजे सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेली पोळी, विकत होत्या, आणि पावाच्या तिप्पट आकाराचा तळलेला मांसाचा तुकडा घातलेली ती इथली सँडविचं. नातवंडांना घेऊन आलेले म्हातारे होते. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेला एकजण चाकाच्या खुर्चीत बसून नुसता बघत होता. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. मी त्याच्या शेजारची खुर्ची धरली. आम्ही दोघांनी मिळून तीन फेऱ्या बघितल्या आणि एक अक्षर बोललो नाही, पण उठताना त्याने माझा हात दाबला.

तिथे एल्डन नावाचा माणूस होता. पंचाहत्तरी उलटलेला, काठीसारखा वाळका, भुवया मात्र झुडपासारख्या. तो लढाईच्या काळी अशाच हेलिकॉप्टरमध्ये जखमींची मलमपट्टी करायचा, तेही आपल्याच भागात, कालव्यांच्या मुलखात. लोकांना तो पट्टा कसा बांधायचा ते सांगत होता, टोप्या आणि चष्मे काढून ठेवायला लावत होता. मी लंगडत पुढे गेले तेव्हा त्याने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“केवढ्या होतात तेव्हा?” त्याने विचारलं.

मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. बेथनीनेही नाही.

“सहा,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बाकीच्यांना म्हणाला, ही फेरी जरा थांबेल, सरबत प्या. मग मला विचारलं, “आत बघायचंय?”

आत तीन स्ट्रेचर एकावर एक लावायची सोय असते. मी म्हटलं, मला तिथे नव्हतं ठेवलं, मी छोटी होते, मला खाली ठेवलं होतं, दाराजवळ. त्याने एक स्ट्रेचर काढून दाराजवळ जमिनीवर आडवं टाकलं आणि बाजूला झाला. तुला हसू येईल, ताई. साठी उलटलेली, फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली बाई भर दुपारी सगळ्यांसमोर स्ट्रेचरवर आडवी झाली! वेंडेल बुटांकडे बघायला लागला. छपराला आतून शिवलेली गादी असते, तीच तशी. तोच कॅनव्हासचा, गरम तेलाचा, रॉकेलचा वास. मी छप्पर बघितलं, थोडा वेळ दाराबाहेर बघितलं आणि उठले.

मग फेरी. बेथनी बाळामुळे खालीच राहिली. वेंडेल माझ्या शेजारी बसला, त्याने पट्टा असा धरला होता की तो पट्टा नसून देवच आहे. आधी एक बारीक शीळ सुरू होते, मग वरचं पातं आळसावल्यासारखं फिरतं, मग ती शीळ चढत जाते, आणि एकदम तो आवाज. थप, थप, थप. कानात नाही, छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. मला वाटलं होतं मी ओरडेन. बेथनीलाही तसंच वाटलं होतं. तिने माझ्या खिशात झोप यायची गोळी घालून ठेवलेली. पण झालं उलटंच. मला गाढ, शांत वाटलं. सहा वर्षांच्या मला त्या आवाजानंतर कोणी मारलं नव्हतं. पाणी दिलं होतं, कपाळावर हात ठेवला होता. शरीराला तेवढंच आठवत होतं.

दारं उघडीच ठेवतात. मका वाऱ्याने आडवा झाला आणि आम्ही वर गेलो. नदी दिसली, धान्याची चकचकीत कोठारं दिसली, गावची पाण्याची टाकी. वेंडेलने डोळे उघडले आणि चुलतभावाचं सोयाबीन ओळखून माझ्या कानात ओरडला, “तण बघ त्याच्या शेतात!” मी हसले, ताई. त्या हेलिकॉप्टरमध्ये मी मोठ्याने हसले.

खाली आल्यावर केकऐवजी सफरचंदाचा ‘पाय’ खाल्ला. घरी येऊन मी गाडग्यात मासा शिजवला, तुझ्या पद्धतीने, काळ्या मिरीचा.

बाकी विशेष काही नाही. उद्या पिशवी बांधायची आहे.


बुधवार सकाळ

ताई, काल सही करायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. आज मळ्यातले टोमॅटो काढले, शेजाऱ्यांना वाटून झाले, चिमुरडीला खेळवलं, आणि आता पुन्हा बसलेय. काल मी एक गोष्ट गाळली. खरं तर दोन.

पहिली ही. स्ट्रेचरवर आडवी होते तेव्हा दाराबाहेर थोडा वेळ बघितलं असं लिहिलंय ना, तेव्हा काय झालं ते. तिथून बाहेरचं अगदी थोडं दिसतं. दाराची चौकट, गवताची पट्टी, उभ्या माणसांची अर्धी अंगं. बेथनी बाळाला घेऊन उभी होती. कोणीतरी शेजारचं इंजिन सुरू केलं आणि बाळ किंचाळलं. बेथनीने बाळाचं डोकं छातीशी दाबलं, वळली आणि हॅंगरच्या सावलीकडे धावत सुटली. मला तिची पाठ दिसली.

मी ती पाठ आधी पाहिली होती.

आपण पुन्हा भेटलो तेव्हा मी तिशीत होते. दवाखान्यातून मला ज्या अनाथाश्रमात ठेवलं तिथल्या म्हाताऱ्या नन आपलं गाव विसरल्या नव्हत्या म्हणून आपण भेटलो, नाहीतर मार्जरी आईने मला दत्तक घेऊन इथे आणल्यावर कोणी कोणाला शोधलं असतं! त्या पहिल्या दिवशी तुझ्या अंगणात, माझी हनुवटी हातात धरून, दुभाषी शेजारी बसवून, तू मला सगळं सांगितलंस. आई नावेतून बाजाराला गेलेली. तोफगोळे पडायला लागले. मला लागलं. तू मला उचलून शेताच्या बांधावरून पळालीस, शिपायाने मला तुझ्या हातातून ओढून घेतलं, तू चढणार तोच पंख्याच्या वाऱ्याने चिखलात पडलीस आणि उठेपर्यंत ते वर गेलेलं. मी मान डोलावली. त्यानंतर प्रत्येक भेटीत तू ते सांगितलंस. एकदा चिखलात पडलीस, एकदा पाण्यात. मागच्या खेपेला तर तुझं ढोपरही फुटलं होतं. मी दर वेळी मान डोलावत राहिले.

ताई, तू पडली नव्हतीस.

तू मला आत ठेवलंस. माझी बोटं तुझ्या वेणीत अडकली होती, ती तू एकेक करून सोडवलीस. एक हात बाहेर आला, तुला बोलावणारा. तू मान हलवलीस. मग वळलीस आणि धावत गेलीस, घराकडे. तुझा काळा सदरा पाठीला चिकटला होता. मी ते पाहिलं होतं. जागी होते मी. आयुष्यभर मला वाटत राहिलं की तापात दिसलं असेल, स्वप्न असेल, कारण तू सांगायचीस ते वेगळं होतं आणि तू माझी मोठी बहीण, तू कशाला खोटं बोलशील?

उठून बसले तेव्हा एल्डन दारातच टेकला होता. मीच म्हटलं, “माझ्या बहिणीने मला आत ठेवलं होतं. ती म्हणते, वाऱ्याने पाडलं तिला, म्हणून राहिली.”

तो म्हणाला, “वाऱ्याने पडतात माणसं. मी पाहिलीत.”

त्याने तुझी बाजू घेतली बघ, न ओळखताच. पण मी सोडलं नाही. विचारलं, “मुलाबरोबरच्या माणसाला तुम्ही घ्यायचात का?”

“दुसऱ्यांचं मला माहीत नाही. आमच्यात घ्यायचो. मुलाला ज्याने धरलंय त्यालाही आत ओढायचो. मला दोनच हात, पोराला समजवणार कोण?” मग त्याने भुवई खाजवली. “पण कधी कधी एखादी बाई मूल ठेवून मागे व्हायची. आम्ही हात करायचो, ये, ये. ती मानेने नाही म्हणायची. मी होतो एकोणीस वर्षांचा. मला फार राग यायचा. वाटायचं, कसली आई ही! मग एकदा वर गेल्यावर मी खाली वाकून बघितलं. ती पळत जिकडे गेली तिथे अजून दोन पोरं उभी होती.”

मग तो म्हणाला, “त्यानंतर मला राग आला नाही. पण खाली बघणंही मी बंद केलं.”

काल लिहिलं की फेरीत मला शांत वाटलं. ते खरं आहे. पण वर असताना मी एक विचार केला, जो मी आजवर कधी केला नव्हता. मी नेहमी तो आवाज आठवते, कारण मी त्या आवाजाच्या आत होते. तू खाली होतीस. तो आवाज लांब लांब जाऊन थांबल्यावर बांधावर किती शांत झालं असेल? तुझ्या हातांना माझं रक्त, आणि आजूबाजूला काही नाही. तू चौदा वर्षांची होतीस. आमच्या शेजारची चौदा वर्षांची मुलगी अजून अंधारात गोठ्यात जायला भिते.

आता दुसरी गाळलेली गोष्ट. बाओवर रागावू नकोस, त्याने मला शपथ घातली होती आणि आता मी ती मोडतेय. त्याने मला महिन्यापूर्वी फोन केला होता. तुझ्या हृदयाची झडप बदलायला हवी, डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा तू दवाखान्याच्या पायरीवरून घरी परत आलीस, हे मला माहीत आहे. जेवते, झोपते म्हणे!

“मावशी, ती म्हणते, उतशी, म्हणजे तुझ्याशी, एक बोलायचंय, ते बोलल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही,” बाओ म्हणाला. “मी म्हटलं, मग लाव ना फोन. फोन लावते आणि विचारते, जेवलीस का. फोन ठेवते आणि तोंड फिरवून रडते. काय बोलायचंय गं तिला?”

मी म्हटलं, मला काय माहीत.

मग तो म्हणाला, “आजीच्या बोलण्यावरून असेल. आजी मरेपर्यंत तिला ऐकवायची. म्हणायची, दोन लेकरं तुझ्यावर सोपवून बाजाराला गेले, एक आकाशाने नेलं, एक मातीने.”

ताई, आई असं बोलली? तुला? आणि तू तिला शेवटपर्यंत न्हाऊमाखू घातलंस, तिच्या तिथीला दर वर्षी एवढा स्वयंपाक करतेस. आईवर मला रागावता येत नाही, ती परत आली तेव्हा तिने काय पाहिलं असेल ते मला कळतं. पण तुझ्या बाजूने कोणीतरी तेव्हाच बोलायला हवं होतं. कोणी नव्हतं. म्हणून मी आता बोलते, उशीर झालाय तरी.

तुला जे सांगायचंय ते सांगायची गरज नाही. मला ठाऊक आहे. घरात झोळीत तो होता, आपला तान्हा भाऊ. त्याला मानही नीट धरता येत नव्हती. माझ्यासाठी हेलिकॉप्टर आलं होतं, त्याच्यासाठी कोणी आलं नव्हतं. तू गेलीस ती माझ्यापासून पळून नाही गेलीस. तू माझ्याबरोबर चढली असतीस आणि त्याला झोळीत सोडलं असतंस, तर आज आपण दोघी एकमेकींना तोंड दाखवू शकलो असतो का? बेथनीने त्या दिवशी मला स्ट्रेचरवर टाकून बाळाला उचलून पळ काढला, तिला मी बोल लावला का? बाळाला कोणीतरी धरायलाच हवं.

पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला, हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही चुलीकडे तोंड करून. त्याचा दोषही तू स्वतःकडे ठेवलास असणार. ताप तुझ्या हातात नव्हता, ताई. तू त्याला आणखी एक वर्ष आयुष्य दिलंस. आईच्या कुशीतलं, तुझ्या कडेवरचं. तेवढं त्याचं होतं.

आणि आता मला आवडत नाही ते सांगते. तू मला उत म्हणतेस. फोनवर, पत्रात, बाओच्या पोरांनाही तू उतआजीच म्हणायला शिकवलंस. आपल्याकडे शेंडेफळाला उत म्हणतात. मी शेंडेफळ नव्हते. मी तुझ्यानंतरची, आणि माझ्यानंतर तो. उत तो होता. मला कळतं तू तसं का केलंस; एक जागा रिकामी दिसू नये म्हणून तू मला तिच्यावर बसवलंस. पण त्यामुळे तो आपल्या दोघींच्या बोलण्यातून पुसला गेला. तीस वर्षांत चुलीपाशी बोललेल्या त्या एका वाक्यापलीकडे आपण त्याच्याबद्दल काही बोललो नाही, कारण तो आठवला की मग तू कुठे धावलीस हेही आठवलं असतं. आता ते लपवायचं कारण उरलं नाही. तेव्हा त्याला परत येऊ दे.

तो रांगायला लागला होता का? तुला काय म्हणायचा? माझ्यासारखा चिडका होता की बाबांसारखा गप्प? मी गेल्यावर मला शोधत होता का, की एवढ्याशा जिवाला काय कळणार?

समोरासमोर मला हे बोलता आलं नसतं. तू समोर बसून माझी हनुवटी धरलीस की मी पुन्हा मान डोलावेन, माझा भरवसा नाही. म्हणून कागद. वाच, वाटलं तर रड, मग बाओला हाक मार आणि दवाखान्याची तारीख पक्की कर. त्याच्या समोर कर, म्हणजे पायरीवरून परतता येणार नाही. क्वेनबाई तुझ्याकडे चहाला येणार आहेत आणि तारीख ऐकल्याशिवाय उठणार नाहीत, असं मी त्यांना बजावलंय. तू त्यांना ओळखत नाहीस. त्या खरंच उठत नाहीत.

मक्याची कापणी झाली की मी येते. वेंडेलही येतो म्हणतोय. विमानाला दारं असतात आणि ती बंद असतात हे त्याला मी समजावून सांगितलंय.

एकच मागणं आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मी रोज उदबत्ती लावते, आईच्या नावाने, बाबांच्या नावाने, मार्जरी आईच्या नावाने. त्याच्या नावाने लावता येत नाही. सगळे त्याला उतच म्हणायचे. खरं नाव मी नक्की ऐकलं असणार, पण माझ्या सहा वर्षांच्या डोक्यातून ते कुठेतरी गळून पडलं. आता ते या जगात फक्त तुला ठाऊक आहे, बाओलाही नाही, मी विचारून पाहिलं.

ते फोनवर सांगू नकोस. पत्रातही लिहू नकोस. मी येईन, तू उठून बसलेली असशील, आणि तुझ्या तोंडून मला ते ऐकायचंय. तोवर ते तुझ्याजवळ जपून ठेव, आणि तोवर तुला मरायची मुभा नाही.

तुझी मधली बहीण,
लुआ